योगदानाची यादी पुरेशी नाही

नोव्हेंबर २०२५मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले आणि अमेरिकेतल्या मुसलमानांविषयीचा जुना वाद पुन्हा पेटला. तो अमेरिकनांपुरता राहिला नाही. ममदानींचे वडील महमूद ममदानी मुंबईत जन्मलेले, आई चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर आपल्याकडे सर्वांना ठाऊक. त्यामुळे न्यूजर्सीतल्या मराठी घरांपासून मुलं तिकडे असलेल्या पुण्यातल्या आजी-आजोबांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत हाच विषय होता. एका बाजूचं म्हणणं, ज्या शहरानं ११ सप्टेंबर पाहिला त्यानं पाव शतकाच्या आत एका मुसलमानाला महापौर करावं म्हणजे विसरभोळेपणाची कमाल झाली. दुसरी बाजू लगेच यादी काढायची: सिअर्स टॉवर कोणी उभा केला? १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे अहमद झेवैल कोण होते? मुहम्मद अली कोण होता? एकजण गुन्ह्यांची यादी वाचतो, दुसरा कर्तबगारीची, आणि दोघांनाही वाटतं की आपण मुद्दा जिंकला. माझ्या मते दोघांचाही पाया चुकलेला आहे. अमेरिकी समाजातल्या मुसलमानांची नीट दखल घेतली गेली पाहिजे याबद्दल मला शंका नाही. पण ती चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून नव्हे. त्यांना वगळलं तर त्या देशाचा इतिहासच खोटा पडतो, म्हणून घ्यायची. आणि म्हणूनच त्यांनी काय दिलं याच्याबरोबर त्यांच्या वाट्याला काय आलं, हेही तिच्यात यायला हवं.

कर्तबगारीची यादी खोटी नाही. फझलूर रहमान खान यांचंच उदाहरण घ्या. १९२९ साली ढाक्यात जन्म, १९५२मध्ये शिक्षणासाठी इलिनॉयला. तोवर उंच इमारत म्हणजे पोलादी सांगाडा, आणि उंची वाढेल तसं वाऱ्याला तोंड द्यायला लागणारं पोलाद भरमसाट वाढत जायचं. खानांनी इमारतीच्या बाहेरच्या खांबांनाच एका पोकळ नळीसारखं एकत्र काम करायला लावलं. वाऱ्याचा भार बाहेरच्या बाजूनं पेलला गेला, आतली जागा मोकळी झाली, खर्च आवाक्यात आला. शिकागोतलं शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि एकशे दहा मजली सिअर्स टॉवर या विचारातून उभे राहिले. सिअर्स टॉवर १९९८पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत होता, आणि आज जगभरचे गगनचुंबी मनोरे याच कल्पनेच्या वेगवेगळ्या रूपांवर उभे आहेत. १९७१मध्ये हेच खान शिकागोत बांगलादेशाच्या बाजूनं लोकमत उभं करण्यासाठी धडपडत होते. अशा माणसाचं नाव शाळेतल्या मुलाला ठाऊक असावं, यावर वाद कसला?

वाद आहे तो या नावाचा उपयोग कशासाठी करायचा यावर. खानांनी टॉवर बांधला म्हणून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या मोटार कारखान्यात आयुष्य घालवलेल्या येमेनी कामगाराला मान द्यायचा, हे गणित मला मान्य नाही. त्यानं नोबेल मिळवलं नाही. त्यानं पाळ्या केल्या, कर भरला, पोरं शिकवली. ज्या दिवशी आपण म्हणतो की ‘बघा, यांनी किती दिलंय’, त्या दिवशी आपण नकळत हेही कबूल करतो की ज्यानं विशेष काही दिलं नाही त्याचं तिथं असणं संशयास्पद आहे. नागरिकत्व गुणवत्ता यादीवर मिळत नसतं. कोणत्याही सामान्य गोऱ्या माणसाला त्याचं स्थान टिकवण्यासाठी आपल्या जमातीतला एक शास्त्रज्ञ पुढे करावा लागत नाही.

शिवाय अशा यादीत माणसं गुळगुळीत होऊन येतात. तिच्यातला मुहम्मद अली १९९६चा असतो, अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा, थरथरत्या हाताचा, सर्वांचा लाडका. १९६७चा अली तिच्यात नसतो. त्या वर्षी त्यानं धर्माचा आधार घेऊन व्हिएतनामला जायला नकार दिला. त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलरचा दंड झाला, आणि ऐन उमेदीची तीन वर्षं त्याला मुष्टियुद्धाबाहेर काढावी लागली. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा एकमतानं रद्द केली. अमेरिकेनं नंतर ज्या निर्भयतेचं कौतुक केलं, तिच्यासाठीच त्याला आधी गुन्हेगार ठरवलं होतं. आधीचं गाळून नंतरचं तेवढं ठेवलं, तर दखल कोणाची घेतली?

आणि मुळात ही कथा १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांपासून सुरू होत नाही. आपल्याकडे बहुतेकांचा समज तसाच आहे, कारण आपली स्वतःची अमेरिका तिथून सुरू होते. उमर इब्न सईद हा आजच्या सेनेगलमधल्या फुटा तोरो भागातला शिकलेला माणूस. पंचवीसेक वर्षं त्यानं अध्ययनात घालवली होती. १८०७ साली त्याला गुलाम म्हणून चार्ल्स्टनच्या बंदरात उतरवलं. तो मालकाकडून पळाला, नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला, आणि तुरुंगाच्या भिंतींवर अरबी लिहू लागला. लोक ते बघायला जमत. १८३१मध्ये त्यानं अरबीतून आत्मकथन लिहिलं. इंग्रजीत लिहिलेली गुलामांची आत्मकथनं बहुधा गोरे संपादक नीटनेटकी करत. हे मात्र मालकाला वाचताच येत नव्हतं. त्याची सुरुवात त्यानं कुराणातल्या ज्या अध्यायानं केली तो सांगतो की सारी सत्ता ईश्वराच्या हाती आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या माणसानं हा अध्याय निवडावा, यात मला तरी उघड निषेध दिसतो. उमरचा पुढे बाप्तिस्मा झाला, आणि त्याची खरी श्रद्धा कोणती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मुक्ती मात्र त्याला मिळाली नाही; गुलाम म्हणूनच तो मेला. त्याचं हस्तलिखित २०१७मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मिळवलं.

उमर एकटा नव्हता. जॉर्जियाच्या सापेलो बेटावरचा बिलाली, मिसिसिपीतल्या नॅचेझला कापसाच्या मळ्यात राबलेला पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा जालोनचा राजपुत्र अब्दुर्रहमान, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमध्ये स्वातंत्र्य मिळवून घर घेणारा यारो ममूत, ज्याचं चित्र १८१९मध्ये चार्ल्स विल्सन पील या नामवंत चित्रकारानं काढलं. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांत हजारो मुसलमान होते. त्यांची घामाची कमाई पाहुण्यांच्या योगदानात मोजायची का? ते पाहुणे नव्हतेच. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या दास्याशी शूद्रातिशूद्रांचं नातं जोडलं, त्या दास्यात उमर आणि बिलालीही होते. हे नातं सांगणाऱ्या महाराष्ट्रानं ‘अमेरिकेत मुसलमान कालपरवा आले’ असं म्हणावं, हे बरं नव्हे.

अमेरिकेच्या राज्यघटनेवरच्या चर्चेतही मुसलमान पहिल्यापासून आहेत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या शेजारी आपणही आहोत. सरकारी पदासाठी धर्माची अट असणार नाही, या कलमावर १७८८ साली राज्यघटनेच्या मंजुरीसाठी भरलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या अधिवेशनात मोठा खल झाला. उद्या एखादा मुसलमान किंवा मूर्तिपूजक सत्तेवर आला तर, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. घटनेच्या बाजूनं बोलणाऱ्या जेम्स आयर्डेलनं उत्तर दिलं की कोणत्याही एका गटाला वगळायचं म्हटलं, तर ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण भांडतो तेच हातचं जाईल. जेफरसननं आपल्या आत्मचरित्रात व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याविषयी लिहिलं, की त्याचं संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक या सर्वांसाठी अभिप्रेत होतं. यातले बहुतेक जण ज्या मुसलमानाविषयी बोलत होते तो काल्पनिक होता. खरे मुसलमान त्यांच्याच राज्यांत मळ्यांवर राबत होते, आणि जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता. तत्त्व आणि व्यवहार यांच्यातली ही फट झाकू नये. पण तत्त्व ज्या शब्दांत मांडलं गेलं त्यांत मुसलमान आणि हिंदू एकाच ओळीत आले, ही गोष्ट आज ज्यांना ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ म्हणायची घाई असते त्यांनी ध्यानात घ्यावी. २००७मध्ये काँग्रेसचे पहिले मुसलमान सदस्य कीथ एलिसन यांनी सदस्यत्वाची शपथ जेफरसनच्या संग्रहातल्या कुराणावर हात ठेवून घेतली, तेव्हा उठलेला गदारोळ दोनशे वर्षांपूर्वीच्या त्याच भीतीचा होता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला हिंसेचा. ११ सप्टेंबर सोडला तरी फोर्ट हूड, बॉस्टन, सॅन बर्नार्डिनो, ओरलँडोच्या नाइट क्लबातले ४९ बळी, १ जानेवारी २०२५चा न्यू ऑर्लिन्समधला हल्ला ही मालिका खरी आहे. यातल्या अनेक हल्लेखोरांनी स्वतःच धर्माचं नाव घेतलं. ‘याचा इस्लामशी काहीही संबंध नाही’ असं म्हणून जे विषय संपवतात ते प्रामाणिक नाहीत. धर्माचं नाव घेऊन पसरवल्या जाणाऱ्या त्या विचारसरणीचा मुकाबला करावाच लागतो, आणि तो मुसलमानांनीही करावा लागतो. दुसरा मुद्दा समाजाच्या आतल्या सनातनीपणाचा. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमकमध्ये पूर्ण मुसलमान नगरपरिषद निवडून आली तेव्हा उदारमतवाद्यांनी आनंद केला, आणि २०२३मध्ये त्याच परिषदेनं समलिंगी समुदायाचा झेंडा सरकारी जागेवर लावायला बंदी घातली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना धक्का बसला. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: सरकारनं कोणत्याही धर्माचा गौरव का करावा? कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीनं २०१६मध्ये ऑगस्ट महिना मुसलमानांच्या नावे जाहीर केला, न्यूजर्सीनं जानेवारी केला. प्रत्येक जमातीला एकेक महिना वाटत गेलो तर समान नागरिक उरतो कुठे?

हिंसेपासून सुरू करू. १९९५मध्ये ओक्लाहोमा शहरातल्या सरकारी इमारतीत स्फोट होऊन १६८ माणसं मेली. पहिल्या काही तासांत संशय मध्यपूर्वेतल्या लोकांवर गेला. स्फोट घडवणारा निघाला टिमोथी मॅकव्हे, गोरा, माजी सैनिक. त्याच्या गावाकडे, चर्चकडे, त्याच्या रंगाच्या लोकांकडे कोणी खुलासा मागितला नाही, आणि मागितला नाही हेच योग्य झालं. मग हा नियम दुसऱ्यांना का लागू नाही? ‘सुरक्षेसाठी’ असं उत्तर येईल. तेही तपासून पाहू. २००२मध्ये पंचवीस देशांतून आलेल्या पुरुषांना सरकारदरबारी हजर होऊन बोटांचे ठसे द्यायला लावलं. उत्तर कोरिया सोडला तर हे सगळे मुसलमानबहुल देश. ऐंशी हजारांहून जास्त लोक स्वतःहून रांगेत उभे राहिले, तेरा हजारांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाचा एकही गुन्हा सिद्ध झाला नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी तर मशिदी, चहा-कॉफीची दुकानं, विद्यार्थी मंडळं यांवर खास पथकाची नजर ठेवली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०११मध्ये हे उघड केलं. पुढच्या वर्षी त्याच पोलिस दलातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला साक्षीत कबूल करावं लागलं की सहा वर्षांत या पथकाच्या कामातून तपासाला एकही धागा मिळाला नाही. म्हणजे हेरगिरी अन्यायकारक होतीच, निरुपयोगीही होती. ज्या दुकानात बसून क्रिकेटवर बोलायचं तिथं बोलणारा दुसरा कोण आहे याची धास्ती, पोराला ‘कॉलेजात कसल्या मंडळात जाऊ नकोस’ असं सांगणारी आई, हे सगळं त्या देशात घडलं. अनुभवाची दखल घ्या असं मी म्हणतो ते या गोष्टींसाठी.

मोहम्मद सलमान हमदानीची कथा तर प्रत्येकाला माहीत असायला हवी. कराचीत जन्मलेला, क्वीन्समध्ये वाढलेला तेवीस वर्षांचा तरुण; वैद्यकीय मदतीचं प्रशिक्षण घेतलेला, पोलिस कॅडेट राहिलेला. ११ सप्टेंबरच्या सकाळी तो मदतीला धावला आणि परत आला नाही. घरचे त्याला रुग्णालयांत शोधत असताना तो पळून लपला असावा असा संशय पसरवला गेला. नंतर अवशेष मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात सापडले. हल्ल्यानंतर आलेल्या ज्या पेट्रियट कायद्यानं हजारो मुसलमानांवर नजर ठेवणं सोपं केलं, त्याच कायद्यात काँग्रेसनं हमदानीचं नाव शूर म्हणून नोंदवलं. पण स्मारकावर त्याचं नाव बचावकार्यात गेलेल्यांच्या गटात नाही. त्याच्या आईनं त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. या एका माणसाच्या नशिबी संशय, गौरव आणि पुन्हा उपेक्षा असं सगळं आलं. केवळ ‘योगदान’ सांगायचं तर हमदानी शूर होता एवढंच उरेल, आणि निम्मी गोष्ट पुसली जाईल.

सनातनीपणाच्या मुद्द्याला माझं उत्तर हमीद दलवाईंनी १९७०मध्ये पुण्यात देऊन ठेवलेलं आहे. मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या या माणसानं आपल्या समाजाच्या रूढींवर जितकी कठोर टीका केली तितकी बाहेरच्यांना जमली नाही, आणि ती त्यांनी समान नागरिक म्हणून केली. अमेरिकेतही हे आतून चाललं आहे. २००५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला अमिना वदूद या विदुषीनं स्त्री-पुरुषांच्या एकत्रित नमाजाचं नेतृत्व केलं. मशिदींनी जागा नाकारली म्हणून तो नमाज एका चर्चच्या वास्तूत झाला. वदूद आणि हॅमट्रॅमकची नगरपरिषद दोन्ही एकाच समाजातले आहेत. समाजाला एकच तोंड असतं असं मानणारे त्याला समाज समजतच नाहीत. ते त्याला एक माणूस समजतात आणि मग त्या माणसाचा न्याय करतात. आमच्याकडे सगळे मराठी एका मताचे असतात का?

‘पण हे लोक आपला धार्मिक कायदा आणतील’ ही भीतीही नवी नाही. १८४४मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिकांची चर्च जाळली गेली ती याच भीतीपोटी: आयरिश लोकांची निष्ठा घटनेवर नाही, रोमच्या पोपवर आहे. १९२८मध्ये अध्यक्षपदाचा कॅथलिक उमेदवार अल स्मिथ याच्या पराभवात या प्रचाराचा वाटा होता, आणि १९६०मध्येही केनेडींना ह्यूस्टनच्या धर्मगुरूंपुढे उभं राहून सांगावं लागलं की मी पोपचा आदेश ऐकणार नाही. २०१०मध्ये ओक्लाहोमातल्या सत्तर टक्के मतदारांनी शरियाबंदीची घटनादुरुस्ती मंजूर केली, जिथं मुसलमान मूठभरच होते; न्यायालयांनी ती रद्द केली. आज सर्वोच्च न्यायालयात कॅथलिक न्यायाधीशांचं बहुमत आहे आणि कोणाला त्यात पोपची सत्ता दिसत नाही.

महिन्यांच्या वाटपाचा मुद्दा मात्र मी बऱ्याच अंशी मान्य करतो. ठराव वाचला जातो, छायाचित्र निघतं, महिना संपतो. विधिमंडळानं धर्माची स्तुती करू नये, हेही खरं. पण उमर इब्न सईदचं आत्मकथन शिकवणं म्हणजे इस्लामचा गौरव नव्हे, तो नॉर्थ कॅरोलायनाचा इतिहास आहे; ठशांच्या रांगा शिकवणं म्हणजे धर्मप्रसार नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं, त्याबद्दल १९८८मध्ये अमेरिकी सरकारनं कायदा करून माफी मागितली आणि भरपाई दिली. तिथं कोणी जपान्यांच्या योगदानाची यादी मागितली नाही. काय केलं ते कबूल केलं, इतकंच.

आपल्या लोकांना हे सांगताना नेहमी एक सोपा युक्तिवाद वापरला जातो: मुसलमान समजून आपल्यालाही मारतात. तो खरा आहे. २००० साली एफबीआयच्या नोंदीत मुसलमानविरोधी द्वेषगुन्हे २८ होते, २००१मध्ये ४८१ झाले, आणि यात न मोजलेले कितीतरी. ११ सप्टेंबरनंतर काही दिवसांतच मारले गेलेले बलबीरसिंग सोधी शीख होते. टेक्सासमध्ये पेट्रोलपंपावर मारले गेलेले वासुदेव पटेल हिंदू होते. २०१७मध्ये कॅन्ससमध्ये मारले गेलेले श्रीनिवास कुचिभोतला हैदराबादचे. त्याआधी, १९८७मध्ये, न्यूजर्सीत कुंकू लावणाऱ्यांना हाकलण्याच्या धमक्या देणाऱ्या टोळ्यांच्या काळात नवरोज मोदी या पारशी तरुणाला हिंदू समजून मारलं होतं. आणि १९२३मध्ये भगतसिंग थिंद या शीख स्थलांतरितानं आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोरेच आहोत असं सर्वोच्च न्यायालयात मांडलं, तेव्हा न्यायालयानं त्यांनाही नागरिकत्वाच्या रांगेतून बाहेर काढलं. वेगळेपण दाखवून वाचता येतं हा भ्रम शंभर वर्षांपूर्वीच फुटलेला आहे.

तरीही या युक्तिवादावर मी थांबू इच्छित नाही, कारण ‘पटेल चुकून मारले गेले’ असं म्हणताना मनात कुठेतरी असं बसतं की खरा मुसलमान मारला असता तर ती चूक नव्हती. पटेलांना मारणाऱ्यानं आधी वकार हसन यांना ठार केलं होतं आणि रईस भुईयाँ यांच्या चेहऱ्यावर गोळी झाडून त्यांचा एक डोळा घालवला होता. हे दोघे मुसलमान होते. त्यांच्याबाबतीत त्याचा काही गैरसमज झालेला नव्हता. भुईयाँ वाचले, आणि आपल्यावर गोळी झाडणाऱ्याचा देहदंड टळावा म्हणून न्यायालयापर्यंत लढले. २०११मध्ये शिक्षा अमलात आली. या तिघांची कथा एकत्रच सांगायला हवी. त्यातून पटेलांना वेगळं काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणूनच ऑगस्ट २०२२मध्ये न्यूजर्सीतल्या एडिसनच्या भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बुलडोझर निघाला, तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटलं. भारतात मुसलमानांच्या घरांवर चाललेल्या यंत्राचं प्रदर्शन, आणि तेही जिथं आपल्या बायकांनी कुंकू पुसून बाहेर पडण्याचे दिवस पाहिले त्या राज्यात. आयोजकांनी नंतर माफी मागितली, हे चांगलं झालं. ‘पाकिस्तानात हिंदूंचं काय होतं ते बघा’ असं यावर काहीजण म्हणतात. तिथल्या हिंदूंवरचा अन्याय खरा आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण लाहोरच्या अपराधाची भरपाई जर्सी सिटीतल्या टॅक्सीवाल्याकडून कशी मागता येईल?

काम कुठे करायचं हेही ठरलेलं आहे. इलिनॉयनं २०२१मध्ये आणि न्यूजर्सीनं २०२२च्या सुरुवातीला आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळांत सक्तीचा केला. या दोन्ही राज्यांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, आणि या कायद्यांचा आनंद आपल्याला झाला तो योग्यच होता. पण त्या धड्यांत काय येणार हे गावोगावच्या शिक्षण मंडळांत ठरतं, आणि तिथं दिवाळीच्या सुटीसाठी आपले पालक चिकाटीनं जातात, बोलतात, सह्या गोळा करतात. त्याच बैठकांत थिंद यांच्या धड्याबरोबर हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन घरांशी सोयरीक जुळवून राहिलेल्या बंगाली मुसलमान खलाशांचा धडा मागावा, खानांच्या टॉवरबरोबर ठशांच्या रांगा मागाव्यात, पटेलांबरोबर हसन आणि भुईयाँ मागावेत. ही मागणी फक्त मुसलमान पालकांनी केली तर तिला एका जमातीचा हट्ट म्हणून बाजूला सारणं सोपं जातं. तिच्याखाली कुलकर्णी, जाधव आणि कांबळे यांच्या सह्या असतील तर तसं करता येणार नाही.